रजई काढलेलं रान

कामिनाए, २८ नोव्हेंबर

चि. हिसाए,

गेल्या जूनमध्ये माझ्या बीटच्या रानातले चुकार बटाटे उपटायला काय लागलं ते आधी सांगतो. तीन बायका, अकरा दिवस. खुरपी दोन, त्यातलं एक मोडलं. तुझ्या मामीचा उजवा गुडघा, जो अजून जिना उतरताना कुरकुरतो. आणि एक भांडण, आमच्या संसाराच्या मानानेसुद्धा मोठं. हे सगळं कशापायी, तर आदल्या शरदात काढणी यंत्राच्या दातांतून निसटलेले अक्रोडाएवढे बटाटे हिवाळाभर हिमाच्या रजईखाली सुखाने झोपले आणि बीटच्या रोपांत डोकी वर काढून उठले. त्या एका वर्षी मी रजई काढायचा आळस केला होता.

तुझं पत्र पोचलं. ऑक्टोबरभर पाऊस, त्यात तू ओल्या चिकणमातीत बटाट्याचं यंत्र घातलंस, आणि आता रानात कौलं पसरल्यासारखी ढेकळं पडली आहेत. गावच्या शेतजमीन समितीने वीस मेपर्यंत मुदत दिली. तोवर बीट लागलं नाही तर तुझ्या बापाचं रान दहा वर्षांसाठी शेजारच्या तोगाशीकडे खंडाने. आणि तो तोगाशी आत्ताच बांधावरून पावलं मोजत फिरतो. फिरू दे. पावलं मोजायला काही लागत नाही.

तुझी दोन्ही कामं थंडी फुकट करून देईल, फक्त तिला आत येऊ दे. हिम म्हणजे जमिनीची रजई. ती जाड असेल तर वर उणे वीस असलं तरी खाली माती उबदार राहते. बटाटा मरत नाही, ढेकूळ फुटत नाही. जानेवारीत ट्रॅक्टरला पुढे पातं लाव. एक पट्टा उघडा कर, हिम शेजारच्या पट्ट्यावर लोट. दहा-बारा दिवसांनी उलट कर. मातीतली गोठण दीड वीत खाली गेली की बस.

किती गेली हे मी टाचेने सांगतो. बुटाची टाच आपटली की जमीन बोलते. पंधराव्या वर्षी दुसऱ्याचं फावडं घेऊन या गावात उतरलो, आज माझं अडतीस हेक्टर आहे, आणि एकेचाळीस वर्षांत बीटची रोपं गावात माझ्याआधी कुणी लावलेली नाहीत. हे टाचेच्या जोरावर.

फोन का करत नाही म्हणून विचारतेस. फोनवर सांगितलेलं ऐकणारा विसरतो आणि सांगणारा नाकबूल करतो. लिहीत जा.

तुझा मामा,
तोमेझो


शिमोनाए, १९ डिसेंबर

ती. मामांस नमस्कार.

तुम्ही लिहिलंत, थंडी ढेकूळ फोडते. मला प्रश्न पडला, ती फोडते कशी? साप्पोरोच्या कचेरीत बारा वर्षं आकडे जुळवले, त्यामुळे कुणी काही म्हटलं की ताडून बघायची खोड आहे. रानातून मुठीएवढी दोन ढेकळं आणली. एक चुलीजवळ वाळवलं, एक पाण्यात बुडवून निथळलं. दोन्ही बशीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, मासळीच्या शेजारी. संध्याकाळी आत, सकाळी बाहेर, असं पाच वेळा.

कोरडं होतं तसंच आहे. दगड म्हणून कुणाला मारता येईल. ओल्याला दुसऱ्या दिवशी केसासारख्या भेगा पडल्या, चौथ्या दिवशी कडा गळल्या, आणि पाचव्या दिवशी बशी हलवली तर ते बसून गेलं. टोफू केल्यावर चोथा उरतो ना, तसं रवाळ. मी बराच वेळ बोटांनी चाळत बसले. वडील गेल्यापासून त्या मातीला मी एवढं नीट पाहिलंच नव्हतं. मासळीला मात्र आता मातीचा वास येतो.

मग कोरड्यात काय कमी होतं? थंडी तर दोघांना सारखीच मिळाली.

शेतकी कार्यालयातल्या बाईंनी मला एक नळी दिली आहे. आत निळं पाणी. ती जमिनीत उभी पुरून ठेवायची. जिथवर माती गोठते तिथवर निळं पाणी पांढरं पडतं. वर ओढली की आकडा वाचायचा. टाचेचा अपमान करायचा हेतू नाही.

तोगाशीकाकांना रजईची गोष्ट सांगितली. म्हणाले, "आधी रान उघडं टाकायचं, मग ते काकडलं म्हणून रडायचं. शहरातून काय काय शिकून येतात."

तुमची,
हिसाए


कामिनाए, ८ जानेवारी

चि. हिसाए,

नव्या वर्षाचे आशीर्वाद. तुझं बशीचं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी एकटी राहते, धड जेवत तरी असेल का? मी म्हटलं, मातीची चव लागलेली मासळी खाते.

कोरड्यात पाणी नव्हतं, एवढंच. थंडी स्वतः काही करत नाही. ती पाण्याकडून करून घेते. ढेकळातलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि मातीला आतून रेटतं. पण खरी गंमत पुढची. पंचवीस-तीस वर्षांमागे फेब्रुवारीत मी पहारीने गोठलेला तुकडा उचलून आडवा फोडला. आत कागदासारखे पातळ बर्फाचे पापुद्रे, एकावर एक, आणि दोन पापुद्र्यांच्या मधली माती चक्क कोरडी. म्हणजे बर्फ आजूबाजूच्या कणांतलं पाणी ओढून घेतो, आणि ते कण सुकून, दाबून घट्ट होतात. प्रत्येक कण वेगळा, आपापल्या जागी. वसंतात पापुद्रे वितळले की मधे फटी राहतात. त्याच फटींतून हवा जाते, पाणी जातं, मूळ जातं. नांगर ढेकूळ कापतो. थंडी ते उलगडते.

हे मला कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी मी तो तुकडा हातात धरून एवढा वेळ उभा राहिलो की हातमोजा त्याला चिकटला.

आता पहिली फेरी मार. नळीचं म्हणशील तर ठेव, शोभेला बरी आहे. पण रान मोठं, नळी एक. टाच सगळीकडे जाते.

तोमेझो


शिमोनाए, २ फेब्रुवारी

ती. मामांस,

दोन फेऱ्या झाल्या. आठवडाभर पहाटे उणे बावीसच्या खाली होतं. रान काळं पडलंय, भोवतीची सगळी पांढरी. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या माझ्या बांधापाशी हळू होतात, मग वेग घेतात. कुणी थांबून विचारत नाही, म्हणजे गावात बोलून झालेलं दिसतं.

नळी आज एकोणतीस सेंटिमीटर दाखवते. पहारीने एका ठिकाणी उकरून दोन चुकार बटाटे काढले. काचेसारखे वाजत होते. ओट्यावर ठेवले, तासाभरात त्यांचं पाणी झालं, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. एवढ्या दुर्गंधीने मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुमची दीड वीत म्हणजे हेच ना? आता थांबू? बाजूचं हिम परत रानावर लोटू का? रजई पुन्हा घालायची वेळ कोणती, हे तुम्ही कुठेच लिहिलं नाही.

हिसाए


कामिनाए, ९ फेब्रुवारी

चि. हिसाए,

थांबू नकोस. एकोणतीस हा नळीचा आकडा. तुझी माती चिकण, माझी वरची ज्वालामुखीच्या राखेची, हलकी. चिकणमाती हट्टी, तिला जास्त थंडी पाजावी लागते. अजून एक फेरी मार. रजई आपोआप पडेल, मार्चमध्ये आभाळ घालतंच.

मीसुद्धा तेच करतोय. दोन वर्षांमागे ओढ्याकडचा जो तुकडा विकत घेतला, तो तुझ्यासारखाच चिकण आहे. काल तिथे टाच आपटली, आवाज अजून पोकळ आहे. अजून पुष्कळ जागा आहे खाली.

तोमेझो


शिमोनाए, १२ मार्च

ती. मामांस,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिसरी फेरी मारली. आभाळाने रजई घातली नाही. मार्चमध्ये हिम पडलं नाही, पाऊस पडला, आणि तोही रानाच्या पाठीवर गोठून बसला. नळी चोपन्न दाखवते. शेतकी कार्यालयातल्या बाई आल्या होत्या. आकडा बघून त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचला. त्या म्हणाल्या, चिकणमातीत चोपन्न सुटायला मे उजाडेल, आणि वरचं वितळलेलं पाणी तोवर खालच्या गोठणीवर उभं राहील. जाणार कुठे?

मी तुम्हाला विचारलं होतं, थांबू का. तुम्ही नको म्हणालात. तक्रार म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहिते.

हिसाए


शिमोनाए, १६ एप्रिल

ती. मामांस,

महिना उलटला, तुमचं पत्र नाही. मागच्या पत्रात मी तोंड वर करून बोलले असं वाटलं असेल तर पदरात घ्या. तुमच्याखेरीज हे विचारावं असं मला दुसरं कुणी नाही.

माझ्या रानाचं तळं झालं आहे. खरंखुरं. उत्तरेला निघालेले हंस उतरले. काल मोजले तर चौसष्ट. तोगाशीकाका बांधावरून म्हणाले, "तिकीट लाव, पोरी, बीटपेक्षा जास्त मिळेल." त्यांच्या रानातलं पाणी कधीच मुरलं. बावीस तारखेपासून ते कुळव घालणार आहेत.

गुडघाभर बूट घालून मधोमध गेले आणि पहार रोवली. वीतभर मऊ, मग खण्ण. लोखंडावर मारल्यासारखी हाताला झिणझिणी आली. वरून ऊन, खालून जमिनीची ऊब, आणि मधे ही फरशी.

पण एक सांगायचंय. ती वरची वीतभर माती मुठीत घेऊन पाण्याबाहेर काढली, तर बशीतल्यासारखीच होती. रवाळ. प्रत्येक कण वेगळा. तळ्याच्या बुडाशी मला हवं ते रान तयार होऊन पडलंय, आणि मला तिथे पाय ठेवता येत नाही. चौतीस दिवस उरले.

हिसाए


कामिनाए, २७ एप्रिल

चि. हिसाए,

रागावलो नाही. कामात होतो.

आता मी लिहितो ते नीट वाच आणि भिंतीला लाव. पाणी ओसरलं की वरची माती दोन दिवसांत सुकल्यासारखी दिसेल, पांढुरकी, पाय ठेवावासा वाटेल अशी. चाक घालू नकोस. इथल्या एकाने घातलं. माझ्या शेजारातलाच म्हण. सगळं आपल्याला कळतं असं मानणारा माणूस. सगळ्यांची कुळवणी सुरू झाली, याच्याने बसवेना. चोवीस तारखेला दुपारी ट्रॅक्टर घेऊन तुकड्याच्या कोपऱ्यात उतरला. बायको नको म्हणत होती.

वरचं बोटभर कोरडं होतं. त्याखाली नुकतीच सुटलेली, पाण्याने टंच. तशी माती दिसायला भुसभुशीत असते, पण तिच्यात जीव नसतो. दोन कणांमधली फट नुसत्या पाण्याने उभी असते. त्यावर चार टनांचं चाक गेलं की फट मिटते. चाकाखाली पिठाच्या गोळ्यासारखी मळली गेली. दोन दिवस वारा लागला, आता तो कोपरा कौल झाला आहे. हिवाळ्याने चार महिने केलेलं काम त्याने पाऊण तासात पुसलं.

तू काय करशील? उताराच्या टोकाला फावड्याने चर काढून पाणी कालव्यात सोड. मग रोज सकाळी वीतभर खालची माती घे, मुठीत दाब, गुडघ्याच्या उंचीवरून सोड. पडून फुटली तर वाफसा आला. गोळा तसाच बसला तर घरी जा, चहा पी. कुणी काहीही म्हणो.

टाच आपटत बसू नकोस. आणि नळी काय म्हणते ते कळव.

तोमेझो


शिमोनाए, ११ मे

ती. मामांस,

चर काढला. तीन दिवस लागले. हंस गेले, तळवे सोलले. नळीत आता वर निळं, खाली निळं, मधे चार बोटं पांढरं.

काल समितीचे दोघे आले, त्यातले एक काठी टेकणारे म्हातारे, सोबत तोगाशीकाका. गावात माझं एकच रान मोकळं आहे. प्लास्टिकच्या घरात माझी रोपं लांबुडकी होऊन एकमेकांवर रेलली आहेत, ती पाहून समितीचे म्हातारे नुसते हुं म्हणाले.

तोगाशीकाका म्हणाले, वर तर वाळलंय. लावणीचं यंत्र त्यांचं, माणसं त्यांची, आजच्या आज उरकू, समितीसमोर लागलं म्हणजे लागलं. मला ते खरंच मदत करत होते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. मोह झाला, मामा. यंत्र रस्त्यावर उभंच होतं.

मी वाकले, कोपरापर्यंत हात घालून माती काढली, दाबली, सोडली. ती बुटाशेजारी पडून तशीच बसली.

"फुटली नाही," मी म्हटलं.

"मातीचे गोळे टाकत बसलीस तर रान जाईल तुझं," तोगाशीकाका म्हणाले.

"आज चाक घातलं तर असलं काय, गेलं काय, सारखंच."

समितीचे म्हातारे काठीवर रेलून त्या गोळ्याकडे बघत होते. म्हणाले, "तुझा बाप असलं काही करत नव्हता."

"बाबांनी कधी हिमही काढलं नव्हतं."

"मुदत वीसची आहे. वाढवता येणार नाही."

"मी मागितली नाही."

ते गेल्यावर मी घरी आले आणि चहा केला. नऊ दिवस उरलेत, आणि लावणीला तीन लागतात. तुमच्या शेजाऱ्याचा कोपरा डोळ्यासमोर नसता तर मी काल हो म्हटलं असतं.

हिसाए


शिमोनाए, २० मे

ती. मामांस,

लागलं. पंधरा तारखेला सकाळी गोळा सोडला आणि तो फुटला. माझा विश्वास बसेना म्हणून रानात नऊ ठिकाणी सोडून पाहिला. आठ ठिकाणी फुटला. नववा ओलसर कोपरा होता, तो तसाच ठेवला. सतरा, अठरा, एकोणीस, तीन दिवसांत लावणी. यंत्र तोगाशीकाकांचंच. त्यांनी स्वतः आणून उभं केलं, आणि मी काही म्हणायच्या आत तेच वर चढून बसले.

दुसऱ्या ओळीच्या टोकाला ते उतरले, मूठभर माती उचलली, बोटांतून गाळली, परत उचलली. म्हणाले, "यात दगड कुठे गेले?" मी म्हटलं, दगड नव्हतेच, ढेकळं होती. त्यांच्या रानात रोपं माझ्याआधी तीन आठवडे लागली, पण ढेकळांवर ढेकळं, रोपाचं मूळ अधांतरी. शिवाय ओळी-ओळींतून बटाटे हिरवेगार उगवलेत. त्यांच्या घरच्या बायका आजपासून खुरपी घेऊन बसल्या. माझ्या रानात सबंध सहा हेक्टरांत मला बटाट्याचे सात कोंब दिसले.

समितीचे म्हातारे काल संध्याकाळी आले. ओळींमधून टोकापर्यंत चालत गेले, चालत परत आले, वहीत काहीतरी लिहिलं. रान माझ्याकडेच राहिलं. जाताना तोगाशीकाकांनी विचारलं, ते पुढचं पातं कुठे मिळतं, आणि नळी एकट्याला मिळते का. मी म्हटलं, जानेवारीत या, नळी दोघे मिळून वाचू. एकोणतीसला थांबायचं, पुढे जायचं नाही.

उशिरा लागल्याने वजन कमी भरेल हे मला ठाऊक आहे. पण यंदा माझं रान मला कळलं.

तुमच्या त्या शेजाऱ्याला माझा नमस्कार सांगा. त्यांच्या कोपऱ्याचं पुढे काय झालं? उरलेलं रान तरी वाचलं ना?

तुमची,
हिसाए


कामिनाए, २९ मे

चि. हिसाए,

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले. लगेच उत्तर लिहितो म्हणाले, पण तीन दिवस यांना पेन सापडेना, म्हणून मी लिहिते.

तुझा नमस्कार पोचता केला. ओढ्याकडच्या त्या तुकड्याला शेजारी नाही. एकीकडे ओढा, दुसरीकडे डोंगर. चोवीस एप्रिलला बांधावर उभी राहून नको म्हणणारी मी होते. कोपरा यंदा पडीक ठेवलाय. उरलेल्या तुकड्यात हे रोज सकाळी जाऊन मातीचा गोळा टाकून यायचे, आणि येऊन चहा मागायचे. मुकाट्याने. असं सव्वीस दिवस चाललं. तुझ्या शेतकी कार्यालयाचा पत्ता यांनी माझ्याकडून लिहून घेतलाय. नळी मागवायची आहे, पण गावात कुणाला सांगायचं नाही म्हणाले.

यंदा बीटची पाळी त्याच तुकड्याची होती. आमची रोपं काल लागली. गावात सगळ्यांत शेवटी.

तुझी मामी,
कियो